फोनला कुलूप, पण दारावर पाटी हवी

मागच्या कापूसवेचणीतली गोष्ट. जाफराबादहून माहोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली एक माणूस आडवा झालेला. मोटारसायकल स्टँडवर नीट लावलेली. अंगाला दरदरून घाम, बोलणं अडखळतं, कुणी हात लावला तर झिडकारतो. येणारे-जाणारे बघत होते आणि पुढे जात होते. भरदुपारी रस्त्याकडेला असा माणूस दिसला की आपण मनात जे म्हणतो, तेच सगळे म्हणत असणार : प्यायलाय.

तो माणूस म्हणजे माझे मामा. आयुष्यात त्यांनी तंबाखूपलीकडे काही तोंडात घातलेलं नाही.

शेवटी दुधाचे कॅन घेऊन चाललेल्या एका तरुणानं गाडी थांबवली. जवळ वाकून वास घेतला, दारूचा नव्हता. मग त्यानं मामांच्या खिशातून फोन काढला. स्क्रीन उजळली. पोळ्याला सजवलेल्या बैलजोडीचा फोटो, त्यावर घड्याळ, खाली ‘३४ अंश, अंशतः ढगाळ’, त्याखाली कुठल्याशा क्रिकेट सामन्याचा धावफलक आणि झटपट कर्जाची जाहिरात. फोनला नऊ ठिपक्यांचं कुलूप. त्यानं मामांचा अंगठा फोनच्या सेन्सरवर टेकवून पाहिला. पण वेचणीत बोंडांच्या टोकांनी खरवडलेल्या आणि घामानं भिजलेल्या त्या अंगठ्याला फोननं ओळखच दिली नाही. वीसेक मिनिटं गेली. मग मामींचा फोन आला, जेवायला का आला नाहीत म्हणून. मुलानं उचलला. काय झालंय ते ऐकताच मामी ओरडल्या, ‘‘अहो, त्यांना शुगर आहे! सकाळी गोळी घेऊन उपाशीच गेलेत!’’

पुढचं सगळं भराभर झालं. काळी-पिवळीत घालून त्यांना दवाखान्यात नेलं, बोटातून थेंबभर रक्त काढून साखर पाहिली, ती ३८ होती. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि काही मिनिटांत मामा उठून विचारत होते, ‘‘माझी गाडी कुठंय?’’

सगळं निभावलं. पण एक गोष्ट मला अजून टोचते. त्या वीस मिनिटांत मामांचा फोन एका परक्या माणसाशी बोलत होता. त्यानं तापमान सांगितलं, धावा सांगितल्या, कर्ज देऊ केलं. फक्त ‘याला मधुमेह आहे’ एवढं सांगितलं नाही. कारण ते सांग, असं आम्ही कुणी त्याला कधी शिकवलंच नव्हतं.

आजचा विषय म्हणून लॉक स्क्रीन. फोन उघडण्याआधी दिसणारा तो पडदा. त्यावर काय ठेवायचं, कसं ठेवायचं आणि काय ठेवायचं नाही.

आधी मामांना नेमकं काय झालं होतं ते पाहू, कारण हे कुठल्याही घरात होऊ शकतं. मेंदूचं मुख्य इंधन ग्लुकोज आणि त्याचा साठा मेंदूकडे जवळपास नसतोच. रक्तातून मिळेल तसं तो वापरतो. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू लागली की शरीर धोक्याची घंटा वाजवतं : ॲड्रिनलिन सुटतं, घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, भूक लागते. या वेळी माणूस स्वतः गूळ-साखर खाऊ शकतो आणि बरा होतो. पण साखर ५४ च्याही खाली गेली की उपासमार थेट मेंदूची होते. जीभ जड होते, तोल जातो, माणूस चिडचिडा होतो, असंबद्ध बोलतो, आपल्याला मदत हवी आहे हेच त्याला कळत नाही. हुबेहूब दारू प्यायल्यासारखं. मामा घेतात ती ग्लिमेपिराइडची गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, पोटात भाकरी असो वा नसो. सकाळी गोळी, वर चार तास उन्हात वेचणी आणि न्याहारी नाही, हे गणित चुकणारच होतं. या गटातल्या गोळ्यांचा अंमल लांबतो, म्हणून सलाइननं शुद्ध आली तरी रुग्णाला लगेच घरी न नेता देखरेखीखाली ठेवावं लागतं. साखर पुन्हा घसरू शकते. आणि हो, गिळता येत नसलेल्या किंवा बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतायचं नाही. ते फुफ्फुसात जातं.

जे तपासणीत कळत नाही, ते लिहा

कुणी म्हणेल, दवाखान्यात गेल्यावर साखर कळलीच ना? मग लॉक स्क्रीनवर लिहून काय उपयोग? प्रश्न योग्य आहे आणि त्याच्या उत्तरातच या लेखाचं सगळं सार आहे. दवाखान्यात साखर काही सेकंदांत कळते, पण मामांचा वेळ दवाखान्यात गेला नाही, रस्त्यावर गेला. रस्त्यावर कुणाकडे ग्लुकोमीटर नसतो. तिथे ‘मधुमेह’ हा एक शब्द ‘प्यायलाय’ या शब्दाला खोडतो आणि थांबलेल्या माणसाला हलवतो. वाटसरूसाठी त्या शब्दाची किंमत एवढी आहे.

डॉक्टरांसाठी मात्र यादी वेगळी आहे. बहुतेक लोक आधी रक्तगट लिहितात. मोटारसायकलच्या मागे, हेल्मेटवर, आयकार्डावर, सगळीकडे ‘बी पॉझिटिव्ह’. लिहायला हरकत नाही, पण त्याचा उपयोग आपण समजतो त्यापेक्षा फार कमी. तुमच्या फोनवर काहीही लिहिलेलं असो, रक्तपेढी तुमचा नमुना घेऊन गट स्वतः तपासते आणि पिशवीतल्या रक्ताशी जुळवूनही पाहते. ते करायलाच हवं, कारण चुकीच्या गटाचं रक्त जीव घेऊ शकतं आणि फोनवरच्या ओळीवर कुणी तो धोका पत्करत नाही. अगदीच वेळ नसेल तेव्हा ओ गटाचं रक्त देऊन सुरुवात करतात.

लिहायचं ते असं, जे सुई टोचून किंवा फोटो काढून चटकन कळत नाही. पहिलं, रक्त पातळ करणारी औषधं. हृदयाची झडप बदललेली, हृदयाचे ठोके अनियमित असलेली, पायात गुठळी होऊन गेलेली कितीतरी माणसं ती रोज घेतात. वॉरफेरिनचा परिणाम एका तपासणीत दिसतो. पण अपिक्साबान, रिव्हरॉक्साबान, डॅबिगॅट्रान अशी नवी औषधं नेहमीच्या चाचण्यांत निसटू शकतात. असा माणूस गाडीवरून पडला, डोक्याला मुका मार लागला आणि उठून बसला, तरी आत हळूहळू रक्तस्राव चालू राहण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. हे माहीत असेल तर डॉक्टर डोक्याचा सीटी स्कॅन लांबणीवर टाकत नाहीत. जाफराबादहून जालना पन्नासेक किलोमीटर, संभाजीनगरची घाटी त्याहून लांब. ‘रात्रभर इथंच ठेवून पाहू’ आणि ‘आत्ताच पुढे न्या’ यांतला निर्णय त्या एका ओळीवर फिरू शकतो.

दुसरं, ॲलर्जी. पेनिसिलिन, सल्फा, एखादं वेदनाशामक. याची एक जुनी गोष्ट आहे. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या टरलॉक गावी एका मुलीला जखम झाली म्हणून धनुर्वाताच्या अँटिटॉक्सिनची चाचणी म्हणून किंचितशी मात्रा दिली आणि तेवढ्यानंही ती मरणाच्या दारातून परत आली. तिचे वडील, मॅरियन कॉलिन्स, स्वतः डॉक्टर होते. मुलगी शिकायला बाहेरगावी निघाली तेव्हा तिच्या ॲलर्जीची माहिती कोरलेलं कडं त्यांनी तिच्या मनगटात घातलं. त्यातूनच १९५६ मध्ये ‘मेडिकअलर्ट’ ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे हातावर नाव गोंदवून घेण्याची रीत होतीच. जत्रेत हरवलेल्या म्हातारीचं नाव तिच्या हातावरून वाचल्याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. गरज तीच, जागा बदलत गेली.

तिसरं, मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते : फिट येणाऱ्यांसाठी सूचना. माहिती नव्हे, सूचना. रस्त्यात कुणाला फिट आली की आपल्याकडे अजून कांदा हुंगवतात, चप्पल नाकाला लावतात, दातखीळ उघडायला तोंडात चमचा घालतात. चमच्यानं दात तुटतात, घालणाऱ्याचं बोट चावलं जातं, फायदा शून्य. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. तेवढ्यात डोकं आपटणार नाही असं पाहायचं आणि माणसाला कुशीवर वळवायचं, बस. तेव्हा फिट येणाऱ्याच्या लॉक स्क्रीनवर अशी ओळ हवी : ‘मला फिट येते. कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८.’ ही ओळ वाचणाऱ्याला काही शिकलेलं असण्याची गरज नाही. तिचा खर्चही काही नाही.

दमा किंवा सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे, डायलिसिसवर असणारे, मूत्रपिंडाचं रोपण झालेले, गरोदर बाई, इन्सुलिन घेणारं मूल, यांनीही आपापली एक ओळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. आणि सगळ्यांसाठी सामाईक ओळ म्हणजे दोन फोन नंबर, नात्यासकट. ‘बायको’, ‘मुलगा’ असं. दोन यासाठी की एक शेतात असेल, रेंज नसेल. दुसरा नंबर शक्यतो दुसऱ्या गावातला ठेवा.

भाषा कुठली? माझं मत, आजाराचं नाव आणि सूचना मराठीत, औषधाचं नाव मात्र पाकिटावर छापलेलं असतं तसंच, इंग्रजी अक्षरांत. थांबणारा वाटसरू मराठी वाचेल. चिखली-बुलढाण्याकडचा असो की जालन्याकडचा, डॉक्टर औषध पाकिटावरच्या नावानं ओळखतील. पुण्यात शिकणारी किंवा दूरच्या राज्यात कामाला गेलेली मुलं असतील त्यांनी हिंदी किंवा इंग्रजीचा विचार करावा. परगावी बेशुद्ध पडलेल्या मुलाचा फोन हीच बऱ्याचदा त्याची एकमेव ओळख असते.

ठेवायचं कसं

ही कल्पना नवी नाही. २००५ मध्ये इंग्लंडमधल्या बॉब ब्रॉची नावाच्या रुग्णवाहिका कर्मचाऱ्यानं लोकांना आवाहन केलं, की फोनच्या यादीत जवळच्या माणसाचा नंबर ‘आइस’ या नावानं साठवा. ‘इन केस ऑफ इमर्जन्सी’ची ती आद्याक्षरं. त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत स्फोट झाले आणि ही युक्ती जगभर पसरली. पण तेव्हाचे फोन उघडे असायचे. कुणीही यादी चाळू शकायचं. पुढे फोनमध्ये बँक आली, फोटो आले, फोनला कुलपं लागली आणि ‘आइस’ कुलपाआड गेलं.

त्यावर कंपन्यांनी कुलपाबाहेरच एक खिडकी ठेवली. आयफोनमध्ये २०१४ पासून ‘मेडिकल आयडी’ आहे, अँड्रॉइडमध्ये २०१६ पासून आणीबाणीची माहिती भरण्याची सोय आहे. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ शोधा (फोन मराठीत ठेवला असेल तर ‘सुरक्षितता आणि आणीबाणी’). तिथे आजार, औषधं, ॲलर्जी आणि संपर्क भरायचे आणि ‘लॉक असताना दाखवा’ हे बटण चालू करायचं. हे शेवटचं बटण लोक विसरतात आणि मग सगळी मेहनत कुलपाआडच राहते. आयफोनवर ‘हेल्थ’ ॲप, त्यात आपल्या फोटोवर टिचकी, ‘मेडिकल आयडी’ आणि ‘शो व्हेन लॉक्ड’. कंपनीगणिक नावं थोडी इकडंतिकडं होतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘इमर्जन्सी’ टाइप करा.

अडचण अशी, की ही खिडकी ‘इमर्जन्सी’ या बटणाच्या मागे आहे. दुधाच्या कॅनवाल्या त्या मुलाला ते बटण माहीत नव्हतं. मला तरी त्याआधी कुठं माहीत होतं? म्हणून पडद्यावर उघड दिसणारी ओळ हवी.

विजेट इथे कामाला येतात. विजेट म्हणजे ॲप न उघडता त्यातलं काही दाखवणारी छोटी चौकट. घड्याळाखालचं हवामान हे विजेटच. लॉक स्क्रीनवर विजेट ठेवण्याची सोय अँड्रॉइडनं २०१२ मध्ये दिली आणि दोनच वर्षांत काढूनही टाकली. आयफोननं ती २०२२ मध्ये आणली आणि मग बाकीचे पुन्हा त्या वाटेला आले. आयफोनवर कुलूपबंद पडदा दाबून धरायचा, ‘कस्टमाइज’ निवडायचं आणि घड्याळाखालच्या चौकटीवर टिचकी मारून हवं ते विजेट ठेवायचं. सॅमसंगच्या नव्या फोनवरही पडदा दाबून धरला की घड्याळाखाली विजेटची जागा दिसते. औषधांची आठवण करणारं विजेट वयस्क माणसांना खरंच उपयोगी पडतं. बीपीची गोळी घेतली की नाही, हे आठवण्यासाठी फोन उघडला की माणूस व्हॉट्सॲपवर जातो आणि गोळी राहते. न उघडताच दिसलं तर घेतली जाते. हे माझ्या घरातलं निरीक्षण आहे, शास्त्र नव्हे.

पण आपल्या बाजारात निम्म्याहून स्वस्त फोन घेऊन फिरणाऱ्या माणसाला विजेटसाठी नवा फोन घ्यायला सांगणं मूर्खपणाचं. त्याच्यासाठी दोन सोप्या वाटा. एक, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये लॉक स्क्रीनच्या सेटिंगमध्ये मजकूर टाकायची जागा असते. सॅमसंगवर तिला ‘कॉन्टॅक्ट इन्फर्मेशन’ म्हणतात. तिथे एक ओळ बसते. दुसरी वाट कुठल्याही फोनवर चालते : पांढऱ्या कागदावर जाड पेनानं मोठ्या अक्षरात चार ओळी लिहा, त्याचा फोटो काढा आणि तोच लॉक स्क्रीनचा वॉलपेपर ठेवा. वरचा भाग घड्याळ खातं, मधला नोटिफिकेशन. तेव्हा ओळी कुठं झाकल्या जात नाहीत ना, ते एकदा तपासा. ज्या फोनवर दर वेळी नवं चित्र आणि बातमी येते, तिथे ‘वॉलपेपर कॅरोसेल’ किंवा ‘ग्लान्स’ असं जे काही चालू असेल ते आधी बंद करावं लागेल, नाहीतर तुमच्या चिठ्ठीवर उद्या कुठल्यातरी सिनेमाचं पोस्टर येईल.

आणि खरीखुरी चिठ्ठी? फोनच्या पारदर्शक कव्हरमध्ये दहाची नोट किंवा देवाचा फोटो आपण ठेवतोच. त्याच्याच शेजारी दुमडलेला कागद ठेवा. अपघातात स्क्रीनचा चुरा होतो, बॅटरी संपलेली असते. कागदाला चार्जिंग लागत नाही. बटणाचा साधा फोन वापरणाऱ्या आजी-आजोबांसाठी तर हाच एक उपाय आहे.

बाहेर काय दिसू नये

दारावर पाटी लावायची म्हणून घराची चावी खिळ्याला अडकवायची नाही. बँकेचे ओटीपी कुलूपबंद पडद्यावर पूर्ण दिसत असतील तर चोराला फोन उघडायची गरजच राहत नाही. नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये ‘संवेदनशील मजकूर लपवा’ असा पर्याय असतो, तो चालू ठेवा. आजाराचंही तसंच. प्रत्येक आजार चावडीवर मांडायचा नसतो. मानसिक आजाराची औषधं, एचआयव्ही, गर्भधारणेविषयीची माहिती उघड पडद्यावर न ठेवता ‘इमर्जन्सी’ मागच्या खिडकीत ठेवता येते, किंवा अजिबात न ठेवता फक्त ‘माहितीसाठी या नंबरवर फोन करा’ एवढंच लिहिता येतं. एचआयव्हीबाबत तर गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या कायद्यानंच दिला आहे. काय सांगायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं, मुलानं किंवा सुनेनं नव्हे.

उलट काही गोष्टी मुद्दाम दिसू द्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर इशारा देतं. मराठवाड्यात जूनच्या तोंडाला शेतात असलेल्या माणसासाठी तो इशारा धावफलकापेक्षा मोलाचा आहे. पण लोकेशन बंद आणि नोटिफिकेशन लपवलेलं, असं असेल तर ॲप असूनही नसल्यासारखं.

फोन दुसऱ्याचा असेल तेव्हा

समजा उद्या त्या मुलाच्या जागी तुम्ही आहात. समोर बेशुद्ध माणूस आणि हातात त्याचा कुलूपबंद फोन. आधी स्वतःच्या फोनवरून १०८ लावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. पोलिसांसकट सगळ्यासाठी ११२. कुलूपबंद फोनवरूनही ‘इमर्जन्सी’ दाबून ११२ लावता येतो, आणि त्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. २०१६ च्या सरकारी नियमानुसार स्मार्टफोनचं पॉवर बटण लागोपाठ तीनदा दाबलं की आणीबाणीचा कॉल जायला हवा. साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरायचा. आपल्या फोनवर हे चालू आहे की नाही, ते सेटिंग्जमध्ये पाहून ठेवा. उगाच दाबून तपासू नका, तिकडे खरंच कुणीतरी फोन उचलतं.

मग त्या फोनवर ‘इमर्जन्सी’ दाबून वैद्यकीय माहिती दिसते का पाहा. त्याचा अंगठा पुसून, कोरडा करून सेन्सरवर टेकवून पाहा. रोज माती, सिमेंट, कापूस हाताळणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात आणि सेन्सरला उंचवटे-खोलगटपणा नीट सापडत नाही. रेशन दुकानात ज्यांचा अंगठा लागत नाही, त्यांचं हेच दुखणं. दुसरं बोट लावून बघा. पण एक चूक करू नका : फोन बंद करून चालू करू नका. एकदा बंद झालेला फोन पिन किंवा पॅटर्न मिळेपर्यंत अंगठा मानतच नाही. शिवाय आतली माहिती तोवर सांकेतिक रूपात बंद असते, त्यामुळे बायकोचा फोन आला तरी बऱ्याच फोनवर नाव न दिसता नुसता नंबर दिसतो. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायची जुनी युक्तीही आता फारशी उपयोगाची नाही. नावं हल्ली सिमवर नसतात. फोन चालू ठेवा, जवळ ठेवा, रुग्णाबरोबर जाऊ द्या आणि वाजला की उचला. आमच्या मामांना त्या मुलानं उचललेल्या फोननंच वाचवलं.

खिशात हात घालायला, फोन घ्यायला लोक घाबरतात. पोलीस विचारतील, चोर समजतील. रस्ते अपघातापुरतं सांगायचं तर २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-ए हे कलम आलं आहे. सद्‌हेतूनं मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला स्वतःचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही. ही ओळ वर्तमानपत्रातून पुन्हापुन्हा छापायला हवी, म्हणून इथेही छापतो.

दिवाळीत मी मामांकडे गेलो तेव्हा त्यांचा फोन घेऊन बसलो. अँड्रॉइडच, जुना, विजेट नसलेला. म्हटलं, मामा, बैलांचा फोटो काढून इथं माहिती टाकू. मामा म्हणाले, ‘‘बैलं काढायची नाहीत. तुला काय लिहायचं ते बैलांच्या खाली लिही.’’ मग त्याच फोटोवर मजकूर टाकला : ‘मला मधुमेह आहे, गोळी चालू आहे. घाम येऊन बडबडत असलो तर प्यायलेलो नाही, साखर कमी झाली आहे. शुद्धीत असलो, गिळता येत असेल तर गूळ-साखर द्या. नसेल तर १०८.’ खाली मामींचा आणि माझा नंबर. पहिल्यांदा अक्षरं नेमकी पवळ्याच्या शिंगांवर आली, तेव्हा मामांनी ती खुरांपाशी सरकवायला लावली. ‘‘आता दिसतंय बघ नीट,’’ म्हणाले. ते बैलांविषयी म्हणाले की मजकुराविषयी, ते मी विचारलं नाही. मग मामींचा फोन पुढे आला, मग शेजारच्या काकूंचा, त्यांना थायरॉईडची गोळी आहे. संध्याकाळपर्यंत ओट्यावर सात फोन जमले होते.